पेला

देवबागच्या ग्रामपंचायतीत मी शिपाई.
पेले धुणं माझ्याकडे,
म्हणून हे मला ठाऊक.

पाहुणा कुडाळहून आला, घामेजलेला.
बॅगेतून पिशवी काढली, दुधावरच्या सायीसारखी,
म्हणाला, गरम पाणी आणा.
चहाचं आधण होतंच.
त्याने पिशवी चुरगळून आत टाकली, चमच्याने ढवळली,
आणि सरपंचबाई चष्मा लावेपर्यंत
पिशवी नव्हती.
मग तो ते पाणी प्यायला, अर्धा पेला.
मिशी पुसली. टाळ्या.

मागे जयवंती खवणेकर, घरपट्टी भरायला आलेली,
पाटी दाराबाहेर, मांजर पाटीशी.
"झिला, माजे बांगडे वलेच असतत.
गिऱ्हायक घराक पोचासर
हातात काय रवतला?"
सगळे हसले, तोही.
म्हणाला, ही कोरड्या मालासाठी, थंड पाण्यात जरा टिकते.
"आणि दर्यात?"
तो कागद चाळू लागला.

मीच गेलो. एका हाताला खाडी, एका हाताला समुद्र,
आमचं गाव म्हणजे दोन पाण्यांमधली पायवाट.
दोन पेले भरून आणले.
खाडीच्या पाण्यात पिशवीच्या दशा झाल्या.
समुद्राच्या पाण्यात ती सभा संपेपर्यंत
मेलेल्या झारीसारखी लोळत राहिली.
"वेळ द्या," पाहुणा म्हणाला, "दिसणारसुद्धा नाही."

जयवंतीने पावती कनवटीला लावली.
"मीठय दिसना नाय रे दर्यात.
म्हणान दर्या गोडो झालो?"

ठराव झाला: प्रायोगिक तत्त्वावर पाचशे नग.

संध्याकाळी पहिला पेला धुताना
बोटांना बुळबुळ लागली.
उजेडात धरला, नुसती काच.
राखेने घासला, काथ्याने घासला,
तिसऱ्या पाण्याला गेली.
गेली म्हणजे मोरीत,
मोरीतून माडाच्या आळ्यात,
आळं भरलं की खाडीत,
जिथे ओहोटीला जयवंतीची सून
कमरेएवढ्या पाण्यात
पायाच्या बोटांनी तिसरे चाचपते.

पाचशे नग कपाटात आहेत.
आषाढातल्या दमट हवेत चिकटून
त्यांची एकच उशी झाली आहे.
ऑडिटला काय मोजून दाखवू, ग्रामसेवक विचारतात.

तो पेला मी वेगळा ठेवलाय.
विष आहे असं नाही म्हणत.
तो माणूस पिऊन गेला
आणि महिन्याने पुन्हा आला, धडधाकट, बिल मागायला.
मीच त्याला चहा दिला, दुसऱ्या पेल्यातून.