निव्वळ

भुईकाट्याच्या केबिनीत दोन खुर्च्या.
पाठ मोडलेली संगमेशची.
नऊला येतो, मोबाईल चार्जिंगला लावतो,
बाहेर तुरीची पहिली गाडी हॉर्न मारत असते
आणि आत सॉफ्टवेअर, चिप, क्लाऊड
हिरवं-तांबडं हलायला लागतं.

मी भरलेलं वजन घेतो.
तो म्हणतो, 'घेतले पन्नास.'
गाडी मिलात रिकामी होऊन परत येते,
मी रिकामं वजन घेतो.
तो म्हणतो, 'इकले. अकराशे सुटले.'
माझा दोन दिवसांचा पगार, एका गाडीच्या फेरीत.
अशा दिवशी चहा त्याचा.

माझ्याकडंबी आहेत, एकाच कंपनीचे,
चौदा वर्षांमागं दिवाळीच्या बोनसमधून घेतलेले.
तेव्हा तिचं नाव गंजगोलाईत कुणाला धड म्हणता येत नव्हतं.
आज नऊपट.
संगमेश हमालांपुढं सांगतो, 'धीराचा माणूस.'
मी मान हलवतो.
खरं तर मी पासवर्ड विसरलो होतो,
आणि सोलापूरला जाऊन फॉर्म भरायचा कंटाळा.
पडलं तेव्हा कळलं नाही,
चढलं तेव्हाबी नाही.

त्याच दिवशी दुसरीबी एक घेतली होती,
टॉवरचं कायतरी बनवायची.
खात्यात तिची एक ओळ उरलीय, पुढं शून्य.
तीसुद्धा धरूनच ठेवली होती मी,
तेवढ्याच धीरानं.
ही गोष्ट मी चहासोबत सांगत नाही.

मार्च एंडला संगमेशनं निळी वही पुढं सरकवली.
दोनशे बारा सौदे.
सुटलेले, बुडालेले, दलाली, कर.
सवयीनं मी रकाने आखले,
भरलेलं, रिकामं, निव्वळ.
निव्वळला आले सहा हजार चारशे.
वर्षाचे.
तो बराच वेळ पंख्याकडं बघत बसला.
मग म्हणाला, 'तरी घाट्यात नाही.'
मी हसलो. हसायला नको होतं.

'आणि तू रे? इकलास का एक तरी?'
'नाही.'
'मग तुझी गाडी अजून मिलातच गेली नाही.
नुसती भरलेल्या वजनाची पावती
खिशात घालून फिरायलास चौदा वर्षं.'

पोरीच्या क्लासची फी जूनमध्ये आहे.
तूर धरली की भुंगा लागतो,
इकली की दुसऱ्या दिवशी भाव चढतो,
आडतीत सगळ्यांना दोन्ही पाठ आहे
आणि कुणाच्याच कामाला आलेलं नाही.
मी पासवर्ड टाकला.
आता तो लक्षात आहे, हीच पंचाईत.
बोट तसंच ठेवून बसलो.

काट्यावर कुणाची तरी शेळी चढलेली,
सांडलेली तूर वेचत.
आकडा तीस, चाळीस,
तीस, चाळीस.
संगमेशनं वहीतून मान वर न करताच विचारलं, 'किती?'
'थांब,' म्हणालो, 'हलायलीय.'