निरंक

लळिंगच्या पायथ्याशी आमचं विद्यापीठ
आणि तळमजल्यावर, जिन्याखाली, विधी कक्ष.
पाटीवरचा 'धी' दोन उन्हाळ्यांपूर्वी उडाला.
नव्या पाटीचा प्रस्ताव लेखा विभागात आहे.

मी हिलाल ओंकार भामरे, कक्ष अधिकारी.
आयोग विचारतो, शासन विचारतं,
माहिती अधिकारात दहा रुपयांचा स्टॅम्प लावून
कापडण्याचा एक निवृत्त मास्तर विचारतो.
सगळ्यांना उत्तर द्यायचं, मुदतीत द्यायचं,
आणि शक्यतो असं द्यायचं
की पुढचा प्रश्न येऊ नये.

त्यासाठी भाषेनं मला एक शब्द दिला होता.
निरंक.
अंक नाही, म्हणजे भानगड नाही.
अंतर्गत तक्रार समिती, वार्षिक अहवाल:
प्राप्त तक्रारी निरंक,
निकाली निरंक, नव्वद दिवसांवर प्रलंबित निरंक.
अकरा वर्षं माझ्या वळणदार अक्षरात.
मग संगणक आला, आणि त्यालाही सवय लागली,
'नि' दाबलं की पुढचं तोच लिहितो.

एप्रिलात, पारा चव्वेचाळीसवर असताना,
कूलर पाण्यापेक्षा आवाज जास्त फेकत असताना,
मुलींच्या वसतिगृहातली केवळबाई आली.
मागे एक मुलगी, ओढणीचं टोक मुठीत.
रमिला पावरा, वनस्पतिशास्त्र, दुसरं वर्ष,
शिरपूरच्याही वरचा पाडा.

मी म्हणालो, विहित नमुन्यात लेखी द्या.
जिन्याशेजारी पेटी आहे, तिच्यात टाका.

केवळबाई हसली नाही.
"पेटीम्हा टाकीसन काय व्हई, भाऊ?
कुलूप से. किल्ली कोठे से?"

किल्ली.
प्रभार यादीप्रमाणे ती वाघ साहेबांकडे,
वाघ साहेब निवृत्त होऊन सुरतेला मुलाकडे.
आणि नोंदवहीप्रमाणे
दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी
पेटी समक्ष उघडली, काही आढळले नाही.
खाली सही.
सही माझी.

आग्रा रोडवरून किल्लीवाला आणला.
त्यानं सळई फिरवली, तेवढ्यात झालं.
अकरा वर्षं जे झालं नव्हतं
त्याचे त्यानं साठ रुपये घेतले, पावती दिली नाही.

आत कुंभारमाशीचं मातीचं घर.
गुटख्याची पुडी. चॉकलेटचा चांदीचा कागद.
आणि सात चिठ्ठ्या.
एक एसटीच्या तिकिटामागे लिहिलेली,
एकीची शाई इतकी उतरलेली
की फक्त 'सर' आणि 'प्रयोगशाळेत' एवढंच उरलं.
एकीवर तारीख, सहा वर्षांपूर्वीची, आणि आवर्जून खाली:
घटनेपासून तीन महिन्यांच्या आत देत आहे.

नियम तिला माहीत होता.
ती मुदतीत आली होती.
मुदत आमच्याकडे येऊन मेली.

कुलसचिवांना फोन केला.
ते बराच वेळ काही बोलले नाहीत,
मग म्हणाले, भामरे, जूनमध्ये नॅक आहे.
मग म्हणाले, चिठ्ठ्या म्हणजे तक्रार नव्हे, नाही का?
मग म्हणाले, तुमची सहीपण आहे ना त्या वहीत?
काळजीच्या आवाजात विचारलं, खोटं कशाला बोलू.

संध्याकाळी आयोगाचं पोर्टल उघडलं, तिसऱ्या स्मरणपत्राचं.
प्राप्त तक्रारी.
'नि' लिहून ठेवलं, आणि पडदा पुढचं स्वतःच भरायला लागला.
मी एकेक अक्षर मागे घेतलं.
आठ लिहिलं. सात आणि रमिला.
लाल चौकट आली:
मागील वर्षांच्या माहितीशी विसंगत. आपली खात्री आहे का?

खात्री मला कधीच नव्हती, नुसती सवय होती.
हे लिहायला तिथे रकाना नव्हता.
'होय' दाबलं.

रमिला अजून बाकावर बसलेली.
विहित नमुना केवळबाईनं विचारत विचारत भरून घेतला,
दोन ओळींच्या जागेत पावणेदोन पानं,
समासातसुद्धा.

"सर, पोच मिळेल?"

आवक क्रमांक एक.
तारखेचा शिक्का मारला तर तो डिसेंबरवरच अडकलेला.
नखानं चाकं फिरवत बसलो,
महिना सरकेना, बोटं जांभळी झाली.
ती उभी होती, हात पुढे करून,
बस सुटायला वीस मिनिटं.