मांडव, आवृत्ती ०.९

नाव मीच ठेवलं होतं.
अंबडच्या गाळ्यात, खाली लेथ चालू,
वर आम्ही तिघं आणि एक टेबलफॅन.
आठ पॅकहाऊस, आठांचं रडगाणं तेच:
पेटी, वजन, जात, गाडीचा नंबर.
दर वेळी पहिल्यापासून कोण लिहील?
म्हणून खांब रोवले, तारा ओढल्या,
वेल मग कोणाचाही चढो.

नऊ वर्षं झाली.
परवा ईशा धात्रक, वय तेवीस,
खुर्ची पुढे ओढून, अगदी आदरानं:
"सर, याचं डॉक्युमेंटेशन कुठे आहे?"
मला विचार ना, म्हटलं.
"आणि तुम्ही गावाला गेलात की?"
मला गावच नाही, म्हणालो.
कोणी हसलं नाही.

तिनं आणलंय ते जगात लाखो लोक वापरतात.
अडलं की कुठेतरी उत्तर तयार असतं.
माझ्यात अडलं की मला फोन येतो,
दिंडोरीहून, पहाटे चारला,
कोल्ड स्टोरेजच्या धडधडीतून सुपरवायझर काठे ओरडतो,
"साहेब, काटा दाखवतोय, स्क्रीन दाखवत नाही!"
खरं सांगू?
तो फोन मला आवडायचा.

दोन आठवडे ती माझं लिखाण वाचत होती,
ताटातले खडे निवडावेत तशी.
एका जागी थांबली. माझीच कॉमेंट,
रात्री अडीचची:
'हे का चालतं कळत नाही. हात लावू नये.'
तिनं लावला.
लाइट गेली की वजन तिथल्या तिथे दडवायचं,
आली की एकेक करून पाठवायचं,
कुठलंच दोनदा नाही.
"लाखो लोकांच्यात हे नाहीये, सर,
त्यांच्याकडे लाइट जात नसेल."

त्या चाळीस ओळी तिनं राखल्या,
ऑक्टोबर छाटणीत काडी राखतात तशा,
डोळे मोजून.

बाकीचं आज काढायचं.
मशीन विचारतं: खात्री आहे?
असेल तर नाव पूर्ण टाइप करा.
मी टाइप करतो. सावकाश.
एक-शून्य कधी काढलीच नाही याची,
थोडं राहिलंय, थोडंच राहिलंय, करत करत.

ईशा मागे उभी, हातात पाण्याची बाटली.
"तुमची ती कॉमेंट नव्यात घेतलीय," म्हणाली.
"'कळत नाही' खोडलंय.
'हात लावू नये' तसंच ठेवलंय."