बुडाची खळगी

रत्नागिरीच्या सहा खेपा झाल्या.
सातव्या खेपेला कारकुनाने शिक्का वाकडा मारला,
पण मारला.

हर्णैला माझा बर्फाचा कारखाना आहे.
लिलाव उरकला की रोकड घेऊन
पाजपंढरीच्या अंधारात एकटाच असतो.
दोनदा मोटरसायकल मागे लागली होती.
हे सगळं अर्जात लिहिलं.
एवढंच लिहिलं नाही
की मला ती एकदा हातात धरून बघायची होती.

इस्माईल मुकादम आता मस्कतला, मुलीकडे, कायमचे.
बत्तीस बोअर, कानपूरची,
जुन्या लुंगीच्या फडक्यात गुंडाळलेली,
शिवणयंत्राच्या तेलाचा वास.
चापापाशी तांबूस ठिपका.
'मीठ आहे ते,' म्हणाले,
'आमच्या फाटकाची कडी बघ.'
पंचावन्न त्यांचे, पन्नास माझे.
सुनेने चहा आणला तेव्हा दोघेही गप्प.
'एकदाही उडवली नाही,' बशीत फुंकर मारत म्हणाले.
कप खाली ठेवला तेव्हा बावन्नवर आलो होतो.

सड्यावर एक बंद पडलेली चिरेखाण आहे.
कापलेल्या लाल पायऱ्या, तळाला हिरवं पाणी,
कोणाची तरी एक चप्पल.
चिऱ्यावर मी रंगाचा रिकामा डबा ठेवला,
होडीच्या निळ्या रंगाचा.
त्यांनी रुमाल सोडून सहा काडतुसं मोजून दिली.

एकाच्या बुडाला खळगी होती.
बारीक, गोल, बरोबर मधोमध.
घोडा त्याच्यावर कधीतरी पडला होता
आणि ते उडालं नव्हतं.

मी वर बघितलं.
मुकादम समुद्राकडे बघत होते.
तिथून समुद्र दिसत नाही.
'ते राहू दे,' म्हणाले,
आणि हात पुढे केला.

पाच भरली.
पहिली कुठे गेली तेच कळलं नाही,
मनगट कोपरापर्यंत बधिर,
टिटव्या शिव्या देत उठल्या.
आवाज खाणीत फिरून परत आला
तेव्हा वाटलं, पलीकडूनही कोणी झाडतंय.
मग चिऱ्याचा टवका उडाला, ओठांवर लाल धूळ.
चौथीला डबा पाण्यात.
मला पोरासारखं हसू फुटलं
आणि मागे ते उभे आहेत हे आठवून आटलं.
पाचवी ठेवू म्हटलं.
'संपव,' म्हणाले. 'भरलेली घरात न्यायची नाही.'

कुठलं वर्ष, कोणावर,
की आरशासमोर,
मी विचारलं नाही.
हस्तांतराच्या कागदावर तसा रकाना नसतो.
चहाच्या वेळी ते खोटं बोलले नव्हते,
एवढं मात्र उतरताना लक्षात आलं.

स्कूटरवर मागे बसले.
एक हात माझ्या खांद्यावर, दुसरा सदऱ्याच्या खिशात.
खड्ड्यांतसुद्धा तो बाहेर निघाला नाही.
दारात उतरल्यावर म्हणाले,
'निवडणूक आली की ठाण्यात जमा करावी लागते.
पावती नीट जपून ठेव.'
थोडं थांबले.
'ते दोन महिने मला झोप बरी लागायची.'

मग डाव्या हाताने
फाटकाची गंजलेली कडी
काढायला लागले,
मी गाडी सुरू ठेवून बघत राहिलो,
निघेना.