टाकीशेजारी

वेंगुर्ल्यात आमच्या घरी रेंज मिळते ती
गच्चीवर, पाण्याच्या टाकीशेजारी.
तिथं खुर्ची टाकून मी म्हणते, श्वासाकडे लक्ष द्या.
नऊ चौकटी डोळे मिटतात.
दहावीत नुसता छताचा पंखा:
मस्कतच्या दिगंबर केळुसकरांना
कॅमेरा अजून जमत नाही.

सगळे म्यूट.
श्वास चाललाय हे मी खांद्यांवरून ताडते.

गुरुवारी शाळेच्या हॉलमध्ये चटया.
इथं कुणाला म्यूट करता येत नाही.
शेवंती गिरपच्या हातांना बांगड्यांचा वास,
आरोलकर सरांच्या पोटात गुरगुर,
आणि "स्थिर व्हा" म्हणताना
माझाच डावा पाय हलत असतो.
शेवंतीनं एकदा, डोळे न उघडता,
माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.
पाय थांबला.
हे कुठल्या चौकटीतून पोचलं असतं?

असं मी ठरवूनच टाकलं होतं.

परवा मध्येच लाइट गेली, तिच्यासोबत टॉवरही.
वीस मिनिटांनी परत जोडले गेले,
माफी मागायला तोंड उघडलं,
तर नऊजण तसेच, मिटलेले.
दहावीत पंखा थांबलेला,
तिन्ही पाती मोजता येत होती.
केळुसकर कुजबुजले,
"आवाज नको म्हणान बंद केलंय, बाई.
तुमी गेलास नि पयल्यांदाच
दर्यो ऐकाक इलो.
हयलोच, हां."

मी माझा माईक बंद केला.
खाली पंप सुरू झाला होता;
टाकी भरली, वाहू लागली,
पावलं भिजली.
उठले नाही.