खिडकी क्रमांक तीन

माझ्या काचेवर एक पाटी आहे:
'येथील कर्मचारी कायदेशीर सल्ला देऊ शकत नाहीत.'
पाटी माझ्या आधीपासूनची.
कोपरा सुटला की चिकटपट्टी मात्र मीच लावते.

नोव्हेंबरात लिओना बर्डेट आली.
शाळेच्या खानावळीत कामाला, कोटाला उकडलेल्या मक्याचा वास.
टोलेडोची थंडी तेव्हा नुकती नदीवर उतरत होती.
"घरातला हीटर बंद आहे. मालक फोन उचलत नाही.
भाडं थांबवलं तर चालेल का?"

मी पाटीकडे बोट केलं.

तिनं ती दोनदा वाचली,
दुसऱ्यांदा काही वेगळं निघेल अशा आशेनं.
"मग विचारू कुणाला?"
मी एक नंबर लिहून दिला.
त्या नंबरावर काय असतं ते मला ठाऊक आहे:
मंगळवारी दहा ते बारा,
आणि थांबा म्हणणारी एक बासरी.

मार्चात ती परत आली, हातात समन्स.
"नावात एक अक्षर कमी छापलंय.
मग ही मीच का?"
ह्याचं उत्तर म्हणजेही सल्लाच.
मी पुन्हा काचेसारखी.

त्या दिवशी फायली घेऊन मीच वर गेले होते.
कंपनीच्या वकिलाकडे एकतीस दावे, एक ढकलगाडी,
आणि शिपायाच्या मुलीच्या बास्केटबॉलची चौकशी.
लिओना चर्चला घालायच्या कोटात.
न्यायाधीश म्हणाले, तुमची बाजू मांडा.
तिनं खरोखरच मांडली, टेबलावर, ओळीनं:
रोज सकाळी स्वयंपाकघरातलं तापमान टिपलेली वही,
सत्तेचाळीस, चव्वेचाळीस, एका रविवारी एकोणचाळीस.
फोनमधले फोटो (छापून आणायचे असतात,
हे तिला तिथंच कळलं).
"शेजारची ओटिली म्हणाली की तिच्याही नळाला..."
हरकत. ऐकीव.
सुनावणी म्हणतात तिला,
आणि ऐकीव तेवढं चालत नाही.

मग तिनं पाकिटं काढली. चार.
प्रत्येकावर महिन्याचं नाव,
आत पुरतं भाडं, एक डॉलर इकडचा तिकडे नाही.
"मी बुडवलं नाही, साहेब. मी राखून ठेवलंय."

न्यायाधीश वाईट माणूस नाहीत.
चष्मा काढून म्हणाले,
"बाई, आधी मालकाला लेखी कळवायचं असतं,
मग हे पैसे कोर्टात जमा करायचे असतात."
"कुठं?"
"खाली. पहिला मजला. खिडकी क्रमांक तीन."

तिनं वळून माझ्याकडे पाहिलं.
रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं.
काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात,
पण कळसा माझ्या काखेत होता
आणि वळसा तिच्या पायांना.

चार मिनिटं लागली. बरोबर समोर घड्याळ आहे.
घर सोडायला सात दिवस.

निकालाची प्रत घ्यायला ती खाली आली.
पानाला दहा सेंट, तीन पानं.
ते पैसे तिनं पाकिटांना हात न लावता
कोटाच्या खिशातून मोजून दिले.
मी शिक्का मारला. शाई जरा जास्तच लागली.
"नीट वाळू दे हं," मी म्हणाले.
एवढंच सांगायची मला मुभा होती.

नंतर रांगेत एक पोरगा, छातीशी तान्हं बांधलेला.
"छत गळतंय. भाडं नाही दिलं तर...?"
मी पाटीकडे बोट नेलं, ते मध्येच थांबलं.
"सल्ला मला देता येत नाही," मी म्हणाले.
"पण ह्या खिडकीत भाडं जमा करून घेतात.
ही माहिती आहे."

"त्याआधी काही करावं लागतं का?"

मागे साहेबांच्या केबिनचं दार उघडं होतं.
मी खुर्ची पुढं ओढली
आणि काचेच्या खालच्या फटीपाशी
तोंड नेलं.