वादळ आलंच नसतं तर

शनिवारची सकाळची शाळा, शेवटचा तास गोष्टीचा.
पेटीतून पुस्तक काढलं, वाळवीनं कोपरा खाल्लेलं.
एक पांढरा कावळा, थव्यानं हिणवलेला.
मग एका रात्री वादळ येतं, थवा वाट चुकतो,
काळोखात तो एकटाच दिसतो,
त्याच्या मागं मागं सगळे घरट्यांत पोचतात.
तेव्हापासून त्याला मान.
खाली चौकटीत तात्पर्य.

मी पुस्तक मिटलं
आणि अख्खा वर्ग मागं वळून पाहू लागला.

मागं देवकन्या नेवारे.
ओठांभोवती, एका पापणीवर, दोन्ही मनगटांवर कोड.
दुसरीत होती तेव्हा तुरीच्या दाण्याएवढं होतं.
आजी रोज बावचीचं तेल लावून तिला उन्हात बसवते.
घर ढिवराचं, पण तिच्या ताटातली मासोळी बंद,
दुधानं वाढलं की मासोळीनं, यावर अजून भांडण आहे.
शिंगाडे सोलून सोलून तिची बोटं काळी पडतात दिवाळीनंतर,
मनगटं मात्र तेवढीच पांढरी.

खरं सांगते, गोष्ट मी तिच्यासाठीच निवडली होती.
मनात म्हटलं होतं, बघ, तुझंच नाव आहे यात.

तिनं हात वर केला.
"मॅडम, वादळ आलंच नसतं तर?"

"म्हणजे?"

"म्हंजे कोनी चुकलंच नसतं.
मंग त्याले काऊन मान भेटला असता?"

निहाल हसला. तोच, जो तिच्यानंतर
नळाची तोटी सदऱ्यानं पुसून पाणी पितो.
मी त्याला डोळे दाखवले.
तिला काय सांगायचं ते सुचलं नाही.
बाहेर खिचडीचं घमेलं उतरवल्याचा आवाज आला
आणि वर्ग उठून पळाला.
मला बरं वाटलं. त्याची लाज अजून आहे.

मागच्या महिन्यात शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी फोटो काढले.
पवनीच्या फोटोवाल्यानं न सांगता
तिचा चेहरा एकसारखा करून दिला.
म्हणाला, त्याचे पैसे नाही घेतले मॅडम.
तिनं फोटो उलटासुलटा पाहिला,
मला परत दिला.
"हे कोन्या दुसऱ्या पोरीचा आला."
तेव्हा मी हसले होते. चूक केली.

सोमवारी वह्या आल्या. गोष्ट आपल्या शब्दांत लिहा.
सत्तावीस वह्यांत वादळ. विजा, पाऊस,
एकात तर ट्रॅक्टरही उलटला होता.
अठ्ठाविसावी तिची:

*एक पांढरा कावरा होता.
त्या दिवशी वादळ आलं नाई.
तो बोडीच्या पारीवर बसला.
एक मासोळी भेटली ते त्यानं खाल्ली.
बाकीचे कावरे बी तिथंच होते.
मंग सांज झाली.*

एवढंच. तात्पर्याची चौकट आखलेली,
पट्टीनं, अगदी सरळ,
आणि रिकामी.

लाल पेन हातात होता.
कावराखाली रेघ मारायला गेले, ळ चा र झालेला.
नाही मारली.
चौकटीत काही लिहावं म्हणून बराच वेळ बसले,
शिपाई कुलूप घेऊन दारात येईपर्यंत.

मग तीही तशीच ठेवली.
खाली तारीख घातली, सही केली.
दुसऱ्या दिवशी वही देताना म्हटलं,
"कोणती मासोळी गं?"

तिनं क्षणभर विचार केला.
"बोटरी," म्हणाली,
"काटे लई असतात. पन गोड लागते."